दवंडीची परतफेरी

एकदा एक कारकून एका वृद्ध दवंडीवाल्याचा शिष्य झाला. दवंडीवाल्यापाशी शिकण्यासारखे काय असते, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. तो गावालाही पडला होता. त्या वृद्धाला आश्रम नव्हता, दाढी नव्हती, आणि तो कोणाला डोळे मिटून बसायलाही सांगत नसे. नगरपालिकेने रिक्षावर कर्णा बसवला त्या दिवसापासून त्याची हलगी खुंटीला टांगलेली होती. परंतु गावातील प्रत्येक आळी, बोळ आणि विहीर त्याला तोंडपाठ होती, आणि कारकुनाला विहिरींचा नाद होता.

नाद तसा निरुपद्रवी होता. कारकुनाने इंटरनेटवर स्वतःचा एक ब्लॉग सुरू केला होता. कोणत्या विहिरीला किती पायऱ्या, कोणती कधी बुजली, कोणत्या पाण्यात डाळ शिजत नसे, असे तो त्यात मन लावून लिही. लेखन चांगले होते. वाचक तीन होते. पहिला तो स्वतः. दुसरा त्याचा मावसभाऊ, ज्याला वाचल्यावाचून गत्यंतर नव्हते. तिसरा कोण ते कधी कळले नाही. बोअर मारून देणाऱ्याचा पत्ता शोधताना तो वाट चुकला असावा.

रोज संध्याकाळी कचेरी सुटली की कारकून वृद्धाच्या ओट्यावर येऊन बसे.

"आबा, चौदा महिने झाले लिहितोय. कुत्रं वाचत नाही."

"कुत्र्यासाठी लिहितोस होय?"

"लोकांनी वाचावं असं वाटतं हो."

"कोणच्या लोकांनी?"

कारकुनाला प्रश्नच विचित्र वाटला. लोक म्हणजे लोक. त्यांना काय नावे असतात?

तांबट आळीच्या शेवटी एक चौकोनी विहीर होती आणि तिला लागून एक अरुंद दुमजली घर. घराच्या दाराला गंजलेले कुलूप होते. नगरपालिकेच्या यादीत त्या घरापुढे 'बंद' असा शेरा होता. कारकून स्वतः त्याच नगरपालिकेत होता, आणि यादीत जे लिहिले आहे ते खरे असते, ही त्याची एकमेव श्रद्धा होती. म्हणून त्या विहिरीवर लिहिताना, कोणाचे काही बिघडणार नाही अशा खात्रीने, त्याने एक वाक्य घातले: 'रुपेरी पडद्यावरून वीस वर्षांपूर्वी एकाएकी दिसेनाशी झालेली नटी मृणालिका या विहिरीलगतच्या घरात अज्ञातवासात राहते, असे म्हणतात.'

कोण म्हणते? कोणीच नाही. 'असे म्हणतात' हे मराठीतले सर्वांत मोठे एकत्र कुटुंब आहे. त्यात माणसे अगणित, पण दारात उभे राहून हाक मारली तर एकही बाहेर येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचकांचा आकडा चार हजारांवर होता. यंत्र बिघडले असे समजून कारकून कचेरीत गेला. दुपारच्या डब्यापर्यंत अकरा हजार झाले. प्रतिक्रियांची रांग लागली होती. 'ती तिथे एकटीच राहते का?' 'कशी दिसते आता?' 'मला माहीत होतंच.' विहिरीच्या पायऱ्यांविषयी एकानेही विचारले नव्हते.

त्यानंतर कारकून रोज लिहू लागला. मृणालिकेच्या डाव्या हातात एकच हिरवी बांगडी असते, बाकीच्या शेवटच्या चित्रीकरणाच्या दिवशी फुटल्या. हे त्याला दाढी करताना सुचले. तिने घरातल्या आरशावर कापड टाकले आहे. हे चहा उतू जाताना सुचले. माणसाला खोटे सुचण्यासाठी फार मोठ्या एकांताची गरज नसते. आकडा चाळीस हजारांवर गेला. कचेरीतले साहेब त्याला "या लेखक" म्हणू लागले, आणि गेली चौदा वर्षे ज्या खुर्चीचा एक पाय हलत होता, ती खुर्ची कोणीतरी आपणहून बदलून ठेवली.

"चाळीस हजार, आबा! तुमच्या हलगीला कधी जमले होते एवढे?"

वृद्ध सुपारी कातरत होता. त्याने वर पाहिले नाही.

"परतफेरी केलीस का?"

"ती काय असते?"

"दवंडी देत माणूस वेशीपर्यंत जातो. सगळ्यांना एवढंच दिसतं. पण येताना त्याच वाटेनं यायचं. हलगी काखेत, तोंड बंद, कान उघडे. आपण काय बोललो ते लोकांच्या तोंडी काय झालंय, ते ऐकत यायचं. वाकडं झालं असलं तर पुन्हा उलटं फिरायचं. माझ्या बापानं मला वाजवायला आठ दिवसांत शिकवलं. ऐकत परत यायला शिकायला सात वर्षं गेली."

कारकून हसला. "माझे वाचक दुबईत आहेत, कॅनडात आहेत. तिथून चालत येऊ?"

"त्या घरापासनं सुरुवात कर की. ते तर आळीत आहे."

"ते घर बंद आहे, आबा. यादीत आहे."

"मग भ्यायचं कारण नाही," वृद्ध म्हणाला आणि सुपारीचे खांड त्याच्या हातावर ठेवले.

कारकून गेला नाही. मात्र इतर लोक जाऊ लागले. आधी मोटारसायकलवरून दोघेतिघे, मग रविवारी एक पूर्ण जीप. विहिरीच्या काठावर उभे राहून ते वरच्या खिडकीकडे पाहत आणि हाका मारत: "मृणालिका! बाई, एकदा बांगडी दाखवा!" कारकून हे सारे लांबून ऐके आणि त्याला बंद घरासमोर ओरडणाऱ्या त्या शहाण्यांची कीव येई. चौथ्या रविवारी त्याच्या ब्लॉगवर एका वाचकाने छायाचित्र पाठवले. वरच्या मजल्याची खिडकी, अर्धा सरकलेला पडदा, आणि पडद्याच्या कडेवर एक वृद्ध हात. हातात एकच हिरवी बांगडी.

खाली लिहिले होते: 'आपण लिहिले तसेच. तीन मिनिटे खिडकीत उभ्या होत्या. बरोबर तीन मिनिटे. मग आत गेल्या.'

कारकुनाने ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिले. त्या दिवशी सकाळीच दाढी करताना त्याला आणखी एक गोष्ट सुचली होती. ती विहिरीत वाकून पाहते, पण पाण्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत नाही. हे त्याने अजून लिहिले नव्हते, कोणाला सांगितलेही नव्हते. उद्यासाठी राखून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, आळी जेवून लवंडलेली असताना, तो त्या घरापाशी गेला. पुढच्या दाराचे कुलूप तसेच होते, त्यावर कोळ्याचे जाळेही तसेच. घराला वळसा घालून तो विहिरीच्या बाजूने मागच्या बोळात शिरला, आणि तिथे त्याला मागचे दार दिसले. दार रोज वापरातले होते. उंबरठ्यावर रांगोळीचे चार ठिपके होते. चौकटीवर पत्र्याची एक लहान पाटी: 'कु. अनसूया गो. खरोटे, दूरध्वनी केंद्र.'

मागचा बोळ दुसऱ्या प्रभागात येत होता. दुसरा प्रभाग, दुसरी यादी. त्या यादीत हे घर चालू होते. कारकून आयुष्यभर पहिलीच यादी पाहत आला होता.

दार लोटलेलेच होते. आतून आवाज आला, "या. वेळ कमी आहे, पण या."

ती सत्तरीची, बारीक बांध्याची बाई होती. खुर्चीत ताठ बसली होती. हातात हिरवी बांगडी. भिंतीवरच्या आरशावर जुने लुगडे टाकलेले.

"बाई, तुम्ही... अनसूयाबाई ना?"

तिने थोडा विचार केला. दुकानदार माल संपला आहे का ते आठवतो तसा.

"त्या होत्या इथे," ती सौम्यपणे म्हणाली. "आता नसतात."

कारकून समोरच्या स्टुलावर टेकला.

"बाई, ते जे लोक बोलतात ना खिडकीखाली, ते मी लिहिलंय. बांगडीचं, आरशाचं. मी मनानं लिहिलं. खोटं आहे ते."

"तुम्ही लिहिलंत?" तिने त्याच्याकडे कुतूहलाने पाहिले. "मग तुम्हाला कुणी सांगितलं असेल? मीच सांगितलं असेन. शेवटच्या दिवशी बाकीच्या फुटल्या हो. काचा वेचताना रक्त आलं होतं." तिने तळहात पुढे केला. तळहातावर काही नव्हते. "आणि अलीकडे एक विचित्रच होतं बघा. विहिरीत वाकून पाहिलं, की पाण्यात माझं तोंडच दिसत नाही."

कारकून उठून उभा राहिला.

"बसा ना," ती म्हणाली. "त्या अनसूया पस्तीस वर्षं टेलिफोनवर होत्या. याला त्याच्याशी जोडून दे, त्याला याच्याशी. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. सगळा जिल्हा त्यांच्या कानातून बोलला. पण 'मला तुमच्याशीच बोलायचंय' असं कुणी म्हणालं नाही. आता बघा, किती लांबून माणसं येतात. नाव घेऊन हाका मारतात." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "तीन मिनिटं झाली."

आणि ती डोळे मिटून बसली. जणू मधली लाईन काढून घेतली.

त्या संध्याकाळी कारकुनाने ब्लॉगवर सरळ लिहिले की हे सारे मी रचलेले आहे, तिथे राहणाऱ्या बाई दुसऱ्याच आहेत, त्यांना त्रास देऊ नये. आजवरचे त्याचे ते सर्वांत प्रामाणिक लेखन. त्याचा परिणाम इतकाच झाला की सकाळपर्यंत आकडा दुप्पट झाला. 'लेखकावर दबाव आला.' 'म्हणजे ती तिथेच आहे.' 'धीर धरा सर, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' त्या रविवारी जीपच्या जागी बस आली.

कारकून धावतच वृद्धाच्या ओट्यावर आला.

"आबा, ती बाई पुसली जातेय हो. मी लिहितो आणि ती तशी होते. आता तर लिहीतही नाही, नुसतं मनात येतं. खरं सांगितलं तर गर्दी वाढली. काय करू?"

वृद्धाने अडकित्ता खाली ठेवला. तो उठला, खुंटीवरची हलगी काढली, चुलीपुढे धरून तिचे कातडे शेकले आणि म्हणाला, "उद्या बाजार आहे. माझ्याबरोबर चल. तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार ऐन भरात असताना, वृद्ध चौकात उभा राहिला आणि त्याने हलगी वाजवली. अठरा वर्षांनी तो आवाज उठला. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. म्हाताऱ्या बायांनी पदर सावरले. बघता बघता चौक भरला.

"ऐका हो ऐका!" वृद्ध खणखणीत आवाजात म्हणाला. "ऐका हो ऐका! ऐका हो ऐका!"

आणि तो थांबला. पुढे एक शब्द बोलला नाही. ओठ मिटून, समोरच्या हवेत पाहत तो उभा राहिला. चौकात इतकी शांतता झाली की लिंबांच्या ढिगातले एक लिंबू घरंगळले ते सर्वांना ऐकू आले. बराच वेळ गेला. मग त्याने हलगी काखेत मारली आणि पुढच्या आळीकडे चालू लागला. तिथेही तसेच. आणि त्याच्या पुढच्या आळीतही. कारकुनाला वाटले, आता कोणीतरी हसेल, कोणीतरी म्हणेल, "म्हातारबा, विसरलात काय?" कोणीही हसले नाही. लोक एकमेकांकडे पाहून गंभीरपणे माना हलवीत होते.

वेशीवर पोचल्यावर दोघे वडाच्या पारावर बसले. दुपार कलल्यावर वृद्ध उठला. "चल. आता परतफेरी."

पिठाच्या गिरणीपाशी एक बाई दुसरीला सांगत होती, "तीन दिवस पाणी नाही. आत्ताच दवंडी झाली. मी सोता ऐकली." न्हाव्याच्या दुकानात रस्ता रुंद होणार होता आणि कोणाकोणाची दुकाने जाणार त्याची नावेही ठरली होती. रेशनच्या रांगेत एक जण शपथेवर सांगत होता की म्हातारा रडत होता. कारकून वृद्धाच्या मागून चालत होता आणि त्याला वाटत होते की आपण ज्या गावातून सकाळी गेलो ते हे गाव नव्हे.

एस.टी. स्टँडवर एक माणूस टपरीवाल्याला म्हणाला, "मृणालिका गेली. आज सकाळी. गावात दवंडी फिरली."

"अरेरे," टपरीवाला म्हणाला. "मला वाटलंच. परवा खिडकीत जरा सुकलेली दिसत होती."

तांबट आळीत ते दोघे शिरले तेव्हा ऊन उतरले होते. घराच्या कुलूपबंद दारापुढे झेंडूचे हार पडले होते. उदबत्त्या जळत होत्या. एका पाटावर जुन्या चित्रपटातला मृणालिकेचा फोटो ठेवला होता. माणसे येत, हात जोडत, मोबाइलवर त्याचे चित्र घेत आणि जात. वरच्या खिडकीचा पडदा थोडा सरकला. एक चेहरा खाली आपल्याच दारातले हार पाहत होता. वर कोणाचेच लक्ष नव्हते. मेलेल्या माणसाच्या खिडकीकडे कोण पाहतो?

पडदा पुन्हा मिटला.

"आबा, हे काय केलंत?" कारकून पुटपुटला.

"मी?" वृद्ध म्हणाला. "मी काय बोललो रे?"

ते विहिरीच्या काठावर बसले. वृद्ध हळू आवाजात म्हणाला:

"लोक बातमी घ्यायला येत नाहीत, बाबा. बातमी ते घरनंच घेऊन निघतात. त्यांना फक्त हलगी ऐकू यायला लागते. मी काही दिलं नाही, तरी गाव ओंजळ भरून घरी गेलं. तुला वाटलं, चाळीस हजार माणसं तुझं वाचतात. तू त्यांना एक रिकामी जागा दाखवलीस, एवढंच. आणि त्या जागेत एक बाई राहत होती."

कारकुनाने मान खाली घातली.

"मेलेल्याकडे लोक एकदाच जातात. उद्यापासून इथं कुणी यायचं नाही. ती नटी आज गेली. पण या बाईला आता परत यायला घर राहिलं नाही. तिचं नाव तू उचललं नव्हतंस, पण त्यावर दुसरं नाव टाकलंस. तिचं नाव तिला पोचतं करणं तुझ्याकडे. एकट्यानं जायचं. हलगी न वाजवता."

"ती ओ देईल?"

"ते मला काय ठाऊक," वृद्ध म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "सात वर्षं लागतात म्हटलं ना."

तसेच झाले. हार सुकले, फोटो कोणीतरी उचलून नेला, आणि ब्लॉगवरची गर्दी दुसऱ्या कोणत्या तरी नटाच्या घटस्फोटाकडे निघून गेली. जाताना तिने मागे वळूनही पाहिले नाही. आठवड्याभरात आकडा पुन्हा तीनवर आला. बोअर शोधणारा मात्र अजून येत होता.

कारकून रोज संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मागच्या बोळात जाई, दारासमोर उभा राही आणि हाक मारी, "अनसूयाबाई!" मोठ्याने नाही, शेजारच्या घरी साखर मागायला गेलेला माणूस मारतो तेवढीच. दार आतून बंद असे. पहिले काही दिवस आत काहीच हालचाल नव्हती. नंतर नंतर श्वासाचा आवाज येऊ लागला, दाराच्या अगदी पलीकडे, कोणी कान लावून उभे असावे तसा. हाक मारली की तो थांबे. कधी कारकुनाला वाटे, आपण हाक मारतो ते नाव त्या विहिरीतच पडते आहे. तरी तो दुसऱ्या दिवशी येई. कचेरीत त्याला आता कोणी "लेखक" म्हणत नव्हते, आणि जुनी खुर्ची परत आली होती.

दोन महिने झाले. एका संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे उभा राहिला. उंबरठ्यावर रांगोळीचा एक ठिपका होता. काल तो नव्हता.

"अनसूयाबाई!"

दारापलीकडे श्वास थांबला. मग एक आवाज आला. कोरडा, स्पष्ट, कामातला; जुन्या टेलिफोनवर ऐकू येई तसा, फार लांबून आल्यासारखा.

"कोण पाहिजे?"

कारकून दाराजवळ सरकला. "अनसूया खरोटे पाहिजेत."

"काय काम आहे?"

"काम नाही. त्यांच्याशीच बोलायचंय."

विहिरीत कुठेतरी पाण्याचा एक थेंब पडला.

"थांबा," आवाज म्हणाला. "जोडून देते."

कारकून थांबला. एक मिनिट झाले, दोन झाली. बोळातला उजेड हळूहळू कमी होत गेला. तीन मिनिटे झाली. तो उभाच राहिला.